भागाकार हातातून कागदावर: तिसरी-चौथीला नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

चौथीतल्या मुलाचा भागाकार चुकला की घरात आणि शाळेत पहिला आरोप पाढ्यांवर होतो. ‘आधी पाढे पाठ कर, मग बघ येतंय का नाही.’ पाढे लागतातच, त्यात वाद नाही. पण वीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारी आणि तरीही ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ लिहून मोकळी होणारी मुलं बहुतेक वर्गांत सापडतात. त्यांचं घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं. कागदावर ‘भाग लाव, गुण, वजा कर, खाली घे’ असं जे चाललंय ते नेमकं कशाचं चाललंय, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

नव्याने रुजू झालेले शिक्षणसेवक, गावात संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेणारे ताई-दादा आणि घरी मुलाला घेऊन बसणारे आई-वडील यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं सातारा-सांगलीकडची आहेत. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आजूबाजूला वाटणं, भरणं, मोजणं रोज चालतं. द्राक्षं पेट्यांत भरतात, बेदाणा बॉक्समध्ये जातो, माणसं वडापमध्ये, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये बसतात. हे सगळं भागाकारच आहे, फक्त ते वहीपर्यंत पोचलेलं नाही.

सुरू करण्याआधी मूल कुठे आहे ते बघा

वर्ग बघून शिकवू नका, मूल बघून शिकवा. चौथीत बसलेलं मूल कधी दुसरीच्या पायरीवर असतं. त्याला कमीपणा न वाटता ते शोधायचं असेल तर परीक्षा घेऊ नका, खेळ घ्या. पन्नासेक चिंचोके त्याच्यापुढे ओता आणि तीन गोष्टी बघा.

एक, ते पाच-पाचचे ढीग करून मोजतं का एकेक उचलून? दोन, ‘चौतीस’ म्हटल्यावर ते तीन दहाचे गठ्ठे आणि चार सुटे मांडतं का? तीन, ४२ मधून १७ वजा करताना दशक मोडतं का?

तिसऱ्यात अडत असेल तर भागाकाराची लेखी रीत तूर्त बाजूला ठेवा, कारण त्या रीतीत दर पावलाला वजाबाकी आहे. वाटणी मात्र थांबवू नका, तिला वजाबाकी लागत नाही. पाढ्यांचं म्हणाल तर २, ३, ४, ५ आणि १० एवढ्यांवर सुरुवात होते. सात-आठ-नऊचे पाढे भागाकार करता करता पक्के होतात, उलट तेव्हाच जास्त पक्के होतात.

आणखी एक अडचण लक्षात ठेवा. आपल्या संख्यानावांत सुटे आधी येतात आणि दशक नंतर. ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणारी मुलं दुसरी-तिसरीत असतातच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या ‘पन्नास दोन’ अशा फोड करून वाचायची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढी चर्चा झाली होती. त्या वादात कुणाचंही मत काहीही असो, भागाकार शिकवताना ‘पाच दशक, दोन सुटे’ असं बोलायची सवय तुम्ही स्वतःला लावून घ्या. पुढे लेखी भागाकाराला तीच उपयोगी पडते.

सामान

विकत काहीही आणू नका. चिंचोके फुकट मिळतात. कोरेगावकडे असाल तर वाघ्या घेवड्याच्या बिया घ्या. त्यांच्यावर लाल पट्टे असतात, मुलांना आवडतात आणि त्या घरंगळत नाहीत. वाट्या नसतील तर द्रोण चालतात. खराट्याच्या काड्या आणि रबर, म्हणजे दहा-दहाच्या जुड्या झाल्या. तासगावच्या बाजूला बेदाणे घरोघरी असले तरी मोजायला ते मात्र देऊ नका. भागाकार होईपर्यंत भाज्यच संपतं.

पुढे खेळातल्या नोटा लागतील. त्या फक्त १००, १० आणि १ च्याच ठेवा. बाजारात मिळणाऱ्या पुडक्यात ५००, ५०, २०, ५ च्या असतात, त्या काढून कपाटात ठेवा. त्या राहिल्या की मुलं व्यवहार छान करतात, पण स्थानिक किंमत दिसेनाशी होते.

वाटणी: इथे घाई करू नका

चौघांना वर्तुळात बसवा, प्रत्येकापुढे एक वाटी आणि मध्ये वीस चिंचोके. एकाला सांगा, ‘सगळ्यांना सारखे वाट.’ ते मूल एकेक टाकत फिरेल. मध्ये कुणीतरी ओरडेल, ‘बाई, ह्याला जास्त गेला!’ ओरडू द्या. सारखेपणाचा हिशोब मुलांना फार लवकर कळतो आणि भागाकाराची पहिली अट तीच आहे. वाटून झालं की विचारा: किती होते? किती जण? प्रत्येकाला किती आले? काही उरलं का? हे चार प्रश्न रोज याच क्रमाने विचारा. पुढे भाज्य, भाजक, भागाकार, बाकी ही नावं याच चार प्रश्नांवर आयती बसतात.

वेगवेगळ्या संख्या द्या, मुद्दाम न पुरणाऱ्याही. १८ चौघांत, २३ पाचांत. बाकी उरणं म्हणजे चूक नव्हे, हे पहिल्या दिवसापासून कळलं पाहिजे. कित्येक पुस्तकांत आणि वर्गांत आधी महिनाभर निःशेष भाग जाणारीच उदाहरणं होतात आणि मग एके दिवशी अचानक ‘बाकी’ नावाचा पाहुणा येतो. मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं.

आता मुलांच्या हातांकडे नीट बघा. पहिले काही दिवस सगळी एकेक वाटतात. मग ढीग मोठा दिला, ४८ चौघांत वगैरे, की एखादं मूल कंटाळून पाच-पाच वाटायला लागतं. पाच-पाचची एक फेरी, मग दुसरी, आणि उरलेले आठ दोन-दोन. या क्षणी त्याला थांबवून सगळ्यांना दाखवा: ‘हिने काय केलं बघा. एकेक का नाही टाकला?’ लेखी भागाकार यापेक्षा वेगळं काही करत नाही. मोठ्या मुठीने आधी वाटायचं, उरलेलं लहान मुठीने. मूल स्वतःहून मुठीने वाटायला लागलं नाही तर ढीग वाढवत न्या, सूचना देऊ नका. साठ-सत्तर चिंचोके एकेक टाकायची वेळ आली की आळसच शिकवतो.

वहीत या काळात फक्त चित्र असावं: चार गोल, प्रत्येकात ठिपके. ÷ ही खूण अजून नको.

गट करणं: त्याच उत्तराचं दुसरं काम

भागाकाराची दोन रूपं असतात आणि नव्या शिक्षकाकडून दुसरं हमखास सुटतं.

‘१२ पेरू तिघांत वाटले, प्रत्येकाला किती?’ ही वाटणी. ‘१२ पेरू आहेत, एका पिशवीत तीन बसतात, पिशव्या किती लागतील?’ हे गट करणं. उत्तर दोन्हीकडे ४, पण हातांची हालचाल वेगळी. पहिल्यात मूल फिरून फिरून टाकतं. दुसऱ्यात तीन उचलतं, बाजूला ठेवतं, पुन्हा तीन उचलतं. फक्त वाटणी शिकलेल्या मुलाला पिशव्यांचं उदाहरण दिलं तर ते विचारतं, ‘बाई, पण किती जणांत वाटायचं?’ प्रश्न अगदी रास्त आहे.

गटांसाठी आपल्या भागात तयार उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यात द्राक्षाचा दर चार किलोच्या पेटीवर बोलला जातो. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या मुलांना पेटी सांगावी लागत नाही. ‘२८ किलो द्राक्षं तोडली, पेट्या किती?’ मुलं चार-चार बाजूला काढतील: २८, २४, २०, १६, १२, ८, ४, ०. सात वेळा काढले, सात पेट्या. हीच गोष्ट फळ्यावर संख्यारेषेवर उड्या मारून दाखवा. पुन्हा पुन्हा वजाबाकी म्हणजे भागाकार, हे इथे सांगायची गरजसुद्धा पडत नाही.

महाबळेश्वर-वाईकडे स्ट्रॉबेरीचे डबे घ्या, साताऱ्यात पेढ्यांचे पुडे. साखर कारखान्याच्या आसपासच्या शाळांत ऊसतोड मजुरांची मुलं दिवाळीच्या सुमारास येतात आणि हंगाम संपला की जातात. उसाच्या मोळ्या बांधणं त्यांना रोज दिसतं. त्या मुलांना वहीतलं येत नसेल, पण गट करण्याचा अनुभव त्यांच्याकडे इतरांपेक्षा जास्त असतो. त्यांना वर्गापुढे बोलवायची जागा हीच. ती निघून जाताना कुठल्या पायरीवर होती ते एका चिठ्ठीवर लिहून पालकांकडे द्या. पुढच्या शाळेतल्या बाईंचे आठ दिवस वाचतील.

या टप्प्यावर दोन्ही प्रकारची तोंडी उदाहरणं मिसळून द्या आणि उत्तर विचारूच नका. एवढंच विचारा: ‘यात वाटायचंय का गट करायचेत?’ मुलं ओळखायला लागली की पुढे चला.

खूण आणि उलटा पाढा

आता १२ ÷ ३ = ४ लिहा आणि वाचताना ‘बारा भागिले तीन बरोबर चार’ म्हणा. खूण शिकवायला एक तास पुष्कळ झाला.

पाढ्याशी जोडणं मात्र महत्त्वाचं आहे. अंड्यांचा ट्रे आणा. सहाच्या पाच ओळी, तीस खळगे. आडवा धरला तर सहा पाचे तीस, उभा धरला तर पाच सक तीस. मग उलट: तिसात सहा किती वेळा? तिसात पाच किती वेळा? एका ट्रेवर दोन गुणाकार आणि दोन भागाकार. असे संच वहीत करून घ्या: ६ × ४ = २४, ४ × ६ = २४, २४ ÷ ६ = ४, २४ ÷ ४ = ६.

रोज परिपाठानंतर पाच मिनिटं उलटा पाढा घ्या. तुम्ही म्हणायचं ‘चोवीस’, मुलांनी म्हणायचं ‘सहा चोक’, ‘आठ त्रिक’, ‘बारा दुणे’, जे सुचेल ते. मग न बसणारी संख्या टाका: ‘सव्वीस, सहाच्या पाढ्यात?’ उत्तर हवं: ‘सहा चोक चोवीस, दोन उरले.’ पाढ्यात नेमकी नसलेली संख्या आली की मागच्या घरात थांबायचं, हे कसब लेखी भागाकारात दर पावलाला लागतं आणि नुसतं पाढे म्हणून ते येत नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारायला सांगा: ‘सत्तावीस पावकी किती?’ जुन्या शाळेत शिकलेले असतील तर ‘पावणेसात’ असं उत्तर पटकन येईल. पावकी म्हणजे चारने भागणंच. निमकी, पाऊणकी, सवायकी मागच्या पिढ्यांनी पाठ केली ती बाजारहाटासाठी. आज ती पाठ करून घ्यायचं कारण नाही, पण सत्तावीसला चारने भागून बाकीचेही भाग करता येतात हे मुलांना आजोबांच्या तोंडून कळलं तर त्याचं वजन वेगळं पडतं.

बाकीचं काय करायचं

१७ ÷ ५, भागाकार ३, बाकी २. इथपर्यंत मुलं येतात. दोन गोष्टी घट्ट करा.

पहिली: बाकी भाजकापेक्षा लहानच असते. नियम म्हणून सांगू नका. १७ चिंचोके पाच वाट्यांत दोन-दोन टाका, सात उरू द्या आणि विचारा, ‘झालं का वाटून?’ मुलंच म्हणतील, अजून एक फेरी होते.

दुसरी गोष्ट पुस्तकात फार थोडक्यात येते आणि व्यवहारात सगळ्यात जास्त लागते: उरलेल्याचं करायचं काय, हे उदाहरण ठरवतं. सज्जनगडला सहल न्यायची आहे. मुलं ५०, एका वडापमध्ये नऊ बसवायची. ५० ÷ ९, भागाकार ५, बाकी ५. गाड्या किती? वहीत पाच लिहून पाच मुलांना फाट्यावर उभं करणारे विद्यार्थी पुष्कळ निघतात. उत्तर सहा. (आपल्याकडचा वडापवाला बाकी ठेवतच नाही, ‘सरका की जरा आत’ म्हणून पाच गाड्यांतच सगळ्यांना बसवतो. मुलं हे सांगतीलच. मान्य करा आणि पुढे चला.)

आता ५० रुपये आहेत, एक वही नऊ रुपयांची, वह्या किती येतील? इथे उत्तर पाचच, आणि पाच रुपये परत. सात भाकरी दोघांत वाटायच्या तर साडेतीन. सात फुगे दोघांत वाटायचे तर तीन-तीन, आणि एकावरून भांडण. एकाच संख्येची अशी तीन-चार उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा. मुलांना वाक्यात उत्तर लिहायला लावा, ‘सहा गाड्या लागतील’ असं. नुसता आकडा लिहिला की विचार तिथेच थांबतो.

लेखी रीत: नोटा मोडत मोडत

आता नोटा काढा. ९२ ÷ ४. दहाच्या नऊ नोटा, एकच्या दोन. चार मुलं समोर. एक मूल बँकेत बसेल, त्याच्याकडे सुट्ट्या नोटा.

वाटणाऱ्याला विचारा, ‘आधी काय वाटशील?’ गुणाकार, बेरीज, वजाबाकी सगळं सुट्यांपासून शिकलेली मुलं म्हणतील, एकच्या नोटा. करू द्या. दोन नोटा चौघांत जात नाहीत. बरं, राहू दे, दहाच्या वाट. नऊतल्या आठ गेल्या, प्रत्येकी दोन. एक दहाची उरली. आता? बँकेतून मोडून आण. आणि मग पुन्हा सुट्यांकडे यावं लागलं, मघाचे दोन आणि आताचे दहा, बारा. प्रत्येकी तीन. ‘मग सुट्यांपासून सुरू करून काय मिळालं?’ काही नाही, दोनदा काम. भागाकार डावीकडून का करायचा याचं एवढं स्पष्ट उत्तर फळ्यावर कधीच देता येत नाही.

हे तीन-चार वेळा नोटांनी झालं की मग एक मूल वाटेल आणि दुसरं लिहील. प्रत्येक हालचालीला वहीत एक ओळ:

९ दशक चौघांत: प्रत्येकी २ दशक. वर २ लिही, दशकाच्या घरात.
वाटले किती? ८ दशक. ९ खाली ८ लिही.
उरला १ दशक.
तो मोडला, १० सुटे. आधीचे २ खाली घे. झाले १२.
१२ चौघांत: प्रत्येकी ३. वर ३ लिही, सुट्यांच्या घरात. वाटले १२, उरलं शून्य.

‘२ खाली घे’ ही सगळ्यात फसवी ओळ आहे. १ च्या शेजारी २ लिहिला की १२ दिसतात, पण तो १ म्हणजे मोडलेली दहाची नोट आहे, हे नोटा हाताळल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिले काही दिवस ‘खाली घे’ म्हणायच्या आधी मुलाने ‘दशक मोडला’ असं मोठ्याने म्हणायचं.

काही मुलांना ही रीत जड जाते. त्यांच्यासाठी मधली पायरी ठेवा: ९२ मधून चारचे दहा गट काढ, ४० गेले, उरले ५२. आणखी दहा गट, ४० गेले, उरले १२. आणखी तीन गट. दहा, दहा आणि तीन, तेवीस. पानाच्या उजवीकडे गट लिहीत जायचं आणि शेवटी बेरीज. लांब आहे, पण मूल जे लिहितं ते त्याला कळत असतं. चौथीच्या मध्यापर्यंत या रीतीने केलं तरी बिघडत नाही. दहा-दहाऐवजी वीस गट एकदम काढायला सुचलं की ते आपोआप नेहमीच्या रीतीकडे सरकतं.

घरच्यांसाठी एक सूचना. अनेक पालक भागाकार उजवीकडे, कंसाच्या बाहेर लिहायला शिकलेले आहेत. आताच्या पुस्तकांत तो वर लिहिलेला दिसतो. दोन्ही बरोबर. पण मूल शिकत असताना शाळेत जे चाललंय तेच घरी ठेवा. वर लिहिण्याचा एक फायदा आहे: अंक आपापल्या स्थानाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे शून्य गाळलं की जागा रिकामी दिसते.

शून्याची खोड

आता त्या ६१२ ÷ ६ कडे. नोटांनी करा. शंभराच्या सहा नोटा सहा जणांत, प्रत्येकी एक. दहाची एकच नोट, सहा जणांत जात नाही. प्रत्येकी दहाच्या किती मिळाल्या? एकही नाही. मग दशकाच्या घरात ‘एकही नाही’ कसं लिहायचं? ०. नोट मोडली, दहा आणि दोन बारा, प्रत्येकी दोन. १०२.

‘भाग जात नसेल तर शून्य द्या आणि पुढचा अंक खाली घ्या’ असा नियम पाठ करून घेणारे पुष्कळ आहेत. नियम खरा आहे, फक्त आठवड्याभरात मुलं तो विसरतात किंवा नको तिथे शून्य द्यायला लागतात. त्याऐवजी भागाकार करण्याआधी अंदाज घ्यायची सवय लावा. ‘सहाशे रुपये सहा जणांत, शंभर तर नक्की येणार. मग उत्तर शंभराच्या वर की खाली?’ १२ लिहिलेल्या मुलाला तुम्ही चूक दाखवायची गरजच उरत नाही.

शेवटी येणारं शून्य वेगळं शिकवावं लागतं. ८४० ÷ ७ मध्ये ८४ संपले, बाकी काही नाही, म्हणून मूल १२ लिहून वही मिटतं. सुट्यांचं घर अजून भरायचं आहे, हे नोटांत एकदा दाखवा: प्रत्येकाच्या हातात शंभराची एक आणि दहाच्या दोन नोटा आहेत, हे बारा रुपये आहेत का?

आणि शून्याने भागणं? एखादं चुणचुणीत मूल विचारतंच. गट करण्याच्या भाषेत सांगा: ‘सहा चिंचोके, एका वाटीत शून्य टाकायचे, किती वाट्यांत संपतील?’ कधीच संपत नाहीत, म्हणून शून्याने भागत नाहीत. शून्य चिंचोके सहा जणांत वाटले तर मात्र प्रत्येकी शून्य, ते चालतं. तिसरी-चौथीला एवढं पुरे.

पडताळा

भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. ७३८ ÷ ४ केलं, भागाकार १८४, बाकी २. तर १८४ चोक ७३६, आणि २, ७३८. जमलं. दर उदाहरणाला पडताळा घ्यायला लावला तर मुलं कंटाळतात. पाच उदाहरणांत कुठल्याही दोघांचा घे, पण कुठल्या दोन ते तू ठरव, असं सांगा. मुलं शंका असलेलीच निवडतात.

‘असर’ म्हणजे ‘प्रथम’ संस्थेची ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी. तिच्यात २००५ पासून अंकगणिताची सगळ्यात वरची पायरी हीच आहे: तीन अंकी भागिले एक अंकी. चौथीच्या अखेरीस मूल इथवर पोचलं पाहिजे. पण उत्तर बरोबर आलं म्हणून पोचलं असं समजू नका. त्याला सांगा, ‘या ७३८ भागिले चारची एक गोष्ट तयार कर, आणि त्या दोनचं काय झालं तेही सांग.’ गोष्ट जमली नाही तर नोटांकडे परत.

दोन वर्ग एकत्र असतील तर

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर द्विशिक्षकी शाळा आहेत आणि एका खोलीत दोन-दोन वर्ग असतात. भागाकारासाठी ही अडचण कमी, सोय जास्त. दुसरीची मुलं वाटतात, तिसरीची गट करून खूण लिहितात, चौथीची नोटा मोडतात, सगळी त्याच चिंचोक्यांवर. चौथीच्या मुलाला तिसरीच्याची बँक सांभाळायला बसवा. सुटे देता देता त्याची स्वतःची स्थानिक किंमत पक्की होते. फक्त ‘तू चुकला’ म्हणायची मुभा त्याला देऊ नका. त्याने ‘पुन्हा वाटून बघ’ एवढंच म्हणायचं.

दोन अंकी भाजक

हा पुढचा मामला, पण चौथीतलं एखादं मूल विचारेल. बेदाणा साधारण पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरतात. ३७५ किलो बेदाण्याला बॉक्स किती? पंधराचा पाढा येत नसला तरी पानाच्या कडेला छोटा पाढा करून घ्यायचा: एकदा १५, दोनदा ३०, पाचदा ७५, दहादा १५०. मग दहा बॉक्स १५०, आणखी दहा १५०, उरले ७५, आणखी पाच. पंचवीस. एक, दोन, पाच, दहा एवढ्या चार ओळींवर बहुतेक उदाहरणं निभावतात.

सरावाला कुठली उदाहरणं, कुठल्या क्रमाने

पुस्तकातली उदाहरणं वाईट नसतात, पण एका पानावर सगळी एकाच जातीची असतात. मूल पहिलं बघून उरलेली नऊ करतं. तुम्ही फळ्यावर देताना क्रम असा ठेवून बघा:

८४ ÷ ४, काहीही मोडावं लागत नाही.
९६ ÷ ४, एक दशक मोडतो.
९५ ÷ ४, तसंच, पण बाकी उरते.
१२८ ÷ ४, शंभराची नोट चौघांत जात नाही, पहिल्याच पावलाला मोडायची.
३१२ ÷ ३, मधलं शून्य.
७२० ÷ ६, शेवटचं शून्य.
४३० ÷ ४, मधलं शून्य आणि बाकी दोन्ही.

प्रत्येकात नवीन अडचण एकच आहे, ४३० ÷ ४ मध्ये आधीच्या दोन एकत्र आल्या आहेत. मूल जिथे अडेल तिथे त्याच जातीची आणखी तीन द्या आणि त्यातलं एक नोटांनी करून घ्या. दुसऱ्या दिवशी तीच सात उदाहरणं उलटसुलट क्रमाने द्या आणि सोडवण्याआधी एवढंच विचारा: ‘यात कुठली नोट मोडावी लागेल?’